कोंड्याचा मांडा आणि राखेचे सिमेंट

गेल्या काही वर्षांत ज्यांनी घर बांधले, त्यांना एक विचारते. सिमेंटच्या पोत्यावर कंपनीचे नाव आणि किंमत सोडून आणखी काय छापलेले असते, ते तुम्ही वाचले होते का? बहुतेक पोत्यांवर 'पीपीसी' अशी तीन अक्षरे असतात. म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. त्याच्याच आसपास 'फ्लाय ॲश बेस्ड' असेही लिहिलेले असते. फ्लाय ॲश म्हणजे औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जाळल्यावर धुराबरोबर उडणारी बारीक राख. आयएस १४८९ या भारतीय मानकानुसार अशा सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के असू शकते. म्हणजे ज्या घरात बसून तुम्ही हे वाचत आहात, त्याच्या भिंतीत बहुधा राख आहेच.

हे सांगायचे कारण असे, की आमच्या मोहल्ल्यात सध्या तीन घरांची कामे सुरू आहेत आणि तिन्हीकडे एकच वाद चालतो. "बाजी, इसमें तो राख मिलाए हैं, ये असली नहीं है," असे मिस्त्रीचाचा मला ठासून सांगतात. राख म्हटली की आपल्याला भेसळच आठवते. दुधात पाणी, तिखटात विटांचा भुगा, तशी सिमेंटमध्ये राख. आता वर्तमानपत्रांत आणखी एक बातमी अधूनमधून येते, की धानाच्या तुसाची, उसाच्या बगॅसची राख घालून सिमेंट अधिक मजबूत करता येते. लोकांच्या दोन प्रतिक्रिया होतात. काही जण हसतात. काहींना लगेच शेतकऱ्याच्या उत्पन्नापासून पृथ्वीच्या तापमानापर्यंत सगळे प्रश्न सुटलेले दिसू लागतात. मला दोन्ही घाईच्या वाटतात.

मी भाषा शिकवते, रसायनशास्त्र नाही. उर्दू आणि मराठी. पण या विषयाकडे मला एका शब्दानेच नेले. तो शब्द आहे सुर्खी. फारसीत सुर्ख म्हणजे लाल. उर्दू वर्तमानपत्रातल्या मथळ्याला सुर्खी म्हणतात आणि जुने गवंडी चुन्यात मिसळायच्या विटांच्या लाल भुकटीलाही सुर्खीच म्हणतात. मराठीत तिची सुरखी झाली. आपला गिलावा हा शब्दही फारसीकडूनच आला. तिकडे गिल म्हणजे माती. सिमेंट येण्याआधी आपल्याकडची मोठी बांधकामे चुन्यावर उभी राहिली आणि पाण्याशी संबंध येणाऱ्या कामात त्या चुन्याला सुरखीची जोड दिली जाई. घाणीत दगडी चाक फिरायचे, बैल गोल चालायचे आणि चुना मळला जायचा. त्या कारागिरांना माहीत होते, की नुसता चुना ओलीत टिकत नाही, भाजलेल्या मातीची भुकटी घातली की टिकतो. त्याला कोणी भेसळ म्हटले नाही.

इटलीत नेपल्सजवळ पोझुओली नावाचे गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात घालत. त्या गावावरूनच पोझोलाना हा शब्द आला आणि आज तो आपल्या तालुक्याच्या दुकानातल्या पोत्यावर छापलेला आहे. तेव्हा राख घालणे ही काही आजची युक्ती नाही. उलट १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले, ती बांधकामाच्या इतिहासात अगदी अलीकडची गोष्ट आहे.

राख सिमेंटला बळ कशी देते, ते समजून घेऊ. सिमेंटमध्ये पाणी पडले की दोन पदार्थ तयार होतात. एक म्हणजे वाळू-खडीला धरून ठेवणारा खरा चिकटा. दुसरा म्हणजे मोकळा चुना. हा मोकळा चुना मजबुतीला फारसा उपयोगी नसतो. काँक्रीटच्या बारीक छिद्रांमध्ये तो पडून राहतो, पाण्याबरोबर विरघळून बाहेर येतो. जुन्या स्लॅबखाली पांढरे डाग दिसतात ते बऱ्याचदा त्याचेच. आता या मिश्रणात योग्य प्रकारची सिलिका असेल, तर ती या मोकळ्या चुन्याला पकडते आणि त्याचाही चिकटा बनवते. छिद्रे भरतात. पाणी आत शिरायला वाट कमी राहते, म्हणून लोखंडी सळ्या गंजायलाही वेळ लागतो. कोकणात खारी हवा आणि खाडीचे पाणी सळ्या खाऊन टाकते, तिथे या गुणाचे मोल फार आहे.

आणि सिलिका धानाइतकी कोणत्या पिकात सापडणार? भाताच्या शेतात काम केलेल्या बाईला विचारा, पात हाताला कशी कापते. भाताचे रोप मातीतली सिलिका पाण्याबरोबर ओढून घेते आणि ती पानांत, त्याहून जास्त दाण्यावरच्या तुसात साठवते. म्हणून तूस गुरे खात नाहीत आणि ते लवकर कुजतही नाही. आपल्या आयांनी भांडी राखेने घासली, आज्यांनी राखुंडीने दात घासले. तुसाच्या राखेला ती खरखर सिलिकेनेच येते. नीट जळलेल्या तुसाच्या राखेत सिलिका साधारण ८५ ते ९० टक्के आणि कधी त्याहूनही जास्त असते.

'नीट जळलेल्या' या दोन शब्दांत सगळी गोम आहे, आणि बातम्यांमध्ये नेमके हेच शब्द गळतात. तूस साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या आत, नियंत्रित हवेत जाळले तर सिलिका अशा रूपात राहते, की ती चुन्याशी पटकन रमते. तापमान खूप वाढले आणि बराच वेळ तसेच राहिले, तर तिचे स्फटिक बनतात. मग ती वाळूसारखी थंड पडते, चुन्याकडे बघतही नाही. उलट उघड्यावर ढीग पेटवला तर आतले तूस अर्धवट जळते आणि राख काळी राहते. त्या काळेपणात कोळसा असतो. तो पाणी पितो आणि काँक्रीटचे गणित बिघडवतो. नीट जळलेली राखही नंतर दळावी लागते, कारण तिचा कण आतून स्पंजासारखा पोकळ असतो. मग ती सिमेंटच्या १० ते २० टक्के जागी वापरता येते.

हे ज्ञानही नवे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले भारतीय वंशाचे प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी १९७० च्या दशकातच तुसाच्या राखेवर पायाभूत काम केले. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरचे पी. सी. कपूर यांनी जाळीच्या टोपलीत नळी बसवलेली एक साधी भट्टी मांडली. हेतू हा, की गावपातळीवरही तूस योग्य तऱ्हेने जळावे. काँक्रीटच्या कामाचे आपले मुख्य मानक आहे आयएस ४५६. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत तुसाच्या राखेचा नावानिशी उल्लेख आहे. राख अपेक्षित गुणांची आणि एकसारखी असेल, तर संबंधित अधिकाऱ्याच्या मान्यतेने ती वापरता येते, असे त्यात म्हटले आहे. परवानगी कागदावर आहे. मग आमच्या भंडारा-गोंदियाकडे, जिथे गिरण्यांमागे तुसाचे डोंगर असतात, तिथे एखाद्या सरकारी कामात ती वापरलेली का दिसत नाही?

एक कारण हिशेबात आहे. १०० किलो धानातून साधारण २० किलो तूस निघते आणि २० किलो तुसाची राख होते साधारण ४ किलो. देशात वर्षाला अंदाजे २० कोटी टन धान पिकते असे धरले आणि सगळे तूस जाळले असे मानले, तरी राख होईल ८० लाख टन. देशाचे सिमेंट उत्पादन वर्षाला ४० कोटी टनांच्या घरात आहे. म्हणजे सगळी राख गोळा केली तरी ती सिमेंटच्या दोन टक्क्यांच्या आसपास. शिवाय ही राख हलकी आणि फुगीर. ट्रक भरलेला दिसतो, वजन काट्यावर दिसत नाही. दूरवर नेण्यातच तिची कमाई संपते. ज्यांना वाटते की शेतीची राख देशाचा सिमेंट उद्योग बदलून टाकेल, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

पण हाच हिशेब तालुक्यासाठी मांडला तर चित्र वेगळे दिसते. देशाला जे दोन टक्के आहे, ते धानाच्या पट्ट्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गटारी, पेव्हर ब्लॉक आणि कुंपणाच्या भिंतींना भरपूर होऊ शकते. राख तिथेच, गिरणी तिथेच, काम तिथेच. माझे म्हणणे एवढेच आहे. या राखेची खरी जागा स्थानिक कामात आहे. कंपन्यांच्या जाहिरातीत ती नाही आणि देश वाचवण्याच्या भाषणातही नाही.

उसाचेही तसेच. एक टन ऊस गाळला की साधारण ३०० किलो ओले बगॅस निघते, ते बॉयलरमध्ये जळते आणि मागे पाच-सहा किलो राख राहते. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात १० कोटी टनांच्या वर गाळप होते. त्या राखेतही सिलिका आहे, पण तिच्याबरोबर उसासोबत आलेली माती, वाळू आणि न जळलेले तंतूही असतात. चाळणे, दळणे आणि तपासणे याशिवाय ती सिमेंटजवळ नेऊ नये. आणि हेही सांगितले पाहिजे, की प्रत्येक शेतकचऱ्याची राख या कामाची नसते. चुलीतल्या लाकडाच्या राखेत मुख्यतः चुना आणि पोटॅश असते. पऱ्हाटी, तुराट्या जाळून ती राख कालवणाऱ्याला मजबुती मिळणार नाही. ती राख शेतात टाकलेली बरी.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. सिमेंटसाठी चुनखडी साधारण १४५० अंशांपर्यंत भाजावी लागते. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि इंधनाचा धूर वेगळाच. जगभरच्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. विदर्भातला एप्रिल-मे ज्यांनी पत्र्याच्या वर्गखोलीत मुलांसोबत काढला आहे, त्यांना तापमानवाढ समजावून सांगायची गरज नाही. पोत्यामागे पाच किलो भाजलेली चुनखडी वाचली, तरी ती वाचवावी.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. राख वापरली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत शिरला. ती कोळशाची राख होती, तुसाची नव्हे. तुसाच्या राखेचे एवढे मोठे तलाव नसतात. पण गिरणीच्या वाऱ्याला ज्यांची घरे आहेत, त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना आणि अंगणातल्या वाळवणाला विचारा. ती राख कोणाच्या तरी श्वासात जातेच. गिरणीमागे राहणारे लोक सहसा कोण असतात, तेही आपल्याला माहीत आहे.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते. ज्या दिवशी राखेला भाव येईल, त्या दिवशी तो कोणाच्या खिशात जाईल? धानाची सरकारी भरडाई घ्या. तांदूळ सरकारकडे जमा होतो, तूस आणि कोंडा गिरणीकडे राहतो. शेतकऱ्याचा त्यात काही हिस्सा आहे, असे कोणी म्हणत नाही, कारण तूस म्हणजे कचरा. पण पोलादाचे कारखाने वितळलेल्या धातूची उष्णता टिकवण्यासाठी तुसाची राख विकत घेतात. म्हणजे काही जणांसाठी तो कचरा केव्हाच राहिलेला नाही. उसात आपण निदान हा प्रश्न विचारला. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखरेबरोबर बगॅस आणि मळी यांच्याही उत्पन्नात ऊस उत्पादकाचा वाटा धरला, ७० टक्के. २०१३ मध्ये महाराष्ट्राने त्या धर्तीवर कायदाही केला. त्याची अंमलबजावणी किती होते, हा वेगळा वाद आहे. पण तत्त्व मान्य झाले, की शेतातून जे निघते त्या सगळ्यात पिकवणाऱ्याचा वाटा आहे. धानाच्या शेतकऱ्यासाठी हे वाक्य अजून कोणी उच्चारलेले नाही. उसाइतके संघटन त्याच्याकडे नाही, आणि त्याच्या जिल्ह्याचे मंत्रालयात तेवढे वजनही नाही.

वाट्याचा दुसरा हक्कदार हमाल आहे. राख भरणे, चाळणे, दळणे ही कामे यंत्र करते असे आपण म्हणतो, पण यंत्राच्या तोंडाशी माणूसच उभा असतो, आणि बऱ्याचदा बाई. जास्त तापमानाला जळालेल्या राखेतली स्फटिक सिलिका श्वासातून फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. दगडखाणीतले कामगार त्याने मेले आहेत. पर्यावरणाच्या नावाने उभा राहिलेला उद्योग ओढणी नाकाला बांधलेल्या बायकांच्या छातीवर चालणार असेल, तर त्याला हिरवा म्हणण्यात अर्थ नाही. राख ओली करून हाताळणे, बंदिस्त दळण आणि चांगला मास्क या अटी पहिल्या दिवसापासून हव्यात. उद्योग वाढल्यावर बघू, असे म्हणून चालणार नाही.

तिसरी गोष्ट घराची. नव्या वस्तूचा प्रयोग करायचा म्हटला की आपल्या व्यवस्थेला सर्वांत आधी घरकुलाची आठवण होते. मला हे मान्य नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागातल्या घराला मूळ अनुदान आहे १ लाख २० हजार रुपये. ज्याच्या आयुष्यात एकदाच स्लॅब पडणार आहे, त्याच्या स्लॅबवर प्रयोग नको. सुरुवात पंचायत समितीच्या कुंपणापासून करा, तहसील कार्यालयाच्या आवारातल्या पेव्हर ब्लॉकपासून करा, सांडपाण्याच्या गटारीपासून करा. जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजण्याचे यंत्र असते. तिथल्या मुलांना राखेचे नमुने तपासू द्या, २८ दिवसांचे, ९० दिवसांचे निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू द्या. साहेबांच्या कार्यालयाची भिंत दहा पावसाळे टिकली, की गरिबाला सांगायला लागणार नाही. तो स्वतःच राख मागायला येईल.

शेवटचा मुद्दा पुन्हा मिस्त्रीचाचांचा, कारण शास्त्र कितीही पुढे गेले तरी थापी त्यांच्या हातात आहे. राखेचे सिमेंट कच्चे असते, हा त्यांचा अनुभव पूर्ण खोटा नाही. राख आणि चुन्याची ती क्रिया सावकाश चालते आणि तिला ओल लागते. आयएस ४५६ सांगते, की साध्या सिमेंटच्या कामावर किमान ७ दिवस पाणी मारा, राखमिश्रित असेल तर किमान १० दिवस, आणि हवा कोरडी-उष्ण असेल तर १४ दिवस मारणे चांगले. आमच्याकडे मे महिन्यात, टँकरच्या पाण्यावर, किती घरांना १४ दिवस पाणी मिळते? तीन दिवस पाणी मारायचे, सेंट्रिंग लवकर काढायचे, आणि तडा गेला की राखेला दोष द्यायचा. पोत्यावर पीपीसी लिहिले, पण हे गवंड्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेच नाही. मराठीत नाही, उर्दूत नाही, हिंदीत नाही. आमच्या समाजातली कितीतरी मुले दहावीनंतर याच धंद्यात उतरतात. बापाच्या हाताखाली शिकतात आणि बापाला जे ठाऊक होते तेवढेच त्यांना कळते. सुरखीचे प्रमाण ज्यांना तोंडपाठ होते, त्यांच्याच पुढच्या पिढीला राख म्हणजे भेसळ वाटावी, यात दोष त्या मुलांचा नाही. शिकवणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा आहे. एका पानाची माहिती, चित्रांसह, प्रत्येक पोत्याबरोबर देणे एखाद्या कंपनीला किती महाग पडेल?

मराठीत कोंड्याचा मांडा करणे असा वाक्प्रचार आहे. जवळ जे थोडेफार आहे त्यातूनच काहीतरी चांगले करणे. तो बोलताना आपण मांडा करणाऱ्या बाईचे कौतुक करतो आणि पुढे जातो. पण कोंड्याचा मांडा व्हायला तिची मेहनत लागते, विस्तवावर लक्ष लागते, आणि मांडा झाल्यावर तो तिच्याही ताटात पडावा लागतो. तुसाच्या राखेचे सिमेंट करायचे असेल, तर भट्टीचे तापमान, हमालाचा मास्क, गवंड्याचे शिक्षण आणि शेतकऱ्याचा वाटा, हे चारही विषय एकाच बैठकीत बोलले गेले पाहिजेत. खरीप आला की धानखरेदीच्या सभा होतील, हमीभाव आणि बोनसवर भाषणे होतील. तुमच्या गावातल्या सभेत या वेळी एवढे तरी विचारा: आमचे तूस कोण नेतो, ते कुठे जळते, आणि त्याची राख कोणाला विकली जाते?